पंधरा ते आठ ठिपके

बारावीला उत्तम गुण मिळवलेली मुलेमुली अभियांत्रिकीच्या पहिल्याच वर्षी ड्रॉइंगच्या कागदासमोर आणि संगणकाच्या पडद्यासमोर अडखळतात. दोष त्यांच्या बुद्धीचा नसतो, न लागलेल्या सवयीचा असतो. आणि सवय कोणत्याही वयात लावता येते.

प्रवेशाची धांदल संपून अभियांत्रिकीचे पहिले वर्ष नुकतेच सुरू झालेले असते. ड्रॉइंग हॉलमध्ये प्रत्येकाच्या पुढ्यात कोरा शीट आणि त्यावर मिनी ड्राफ्टर. फळ्यावर एका लोखंडी ठोकळ्याचे चित्र काढलेले. त्याला एका बाजूला खाच आहे, दुसऱ्या बाजूला तिरका उतार आणि मधोमध आरपार भोक. सर सांगतात, ''हा ठोकळा समोरून, वरून आणि बाजूने कसा दिसेल, ते काढा.'' काहींच्या पेन्सिली लगेच चालू लागतात. काहींना मात्र काहीच दिसत नाही. चित्राकडे कितीही वेळ टक लावून पाहिले, तरी ठोकळा डोक्यात फिरायलाच तयार नसतो.

रात्री वसतिगृहात यावरचा तोडगा ठरलेला असतो. काचेखाली दिवा लावायचा, मित्राचा पुरा झालेला शीट काचेवर पसरायचा, त्यावर आपला कोरा शीट ठेवायचा आणि खालून दिसणाऱ्या रेघा गिरवायच्या. मुलांच्या भाषेत याला 'जीटी मारणे', म्हणजे ग्लास ट्रेसिंग म्हणतात. शीट वेळेवर जमा होतो, सहीही मिळते. परीक्षेच्या दिवशी मात्र काच नसते, दिवा नसतो आणि मित्रही नसतो.

संगणकाच्या प्रयोगशाळेत वेगळे काही घडत नाही. 'व्हेरिएबल' म्हणजे काय, 'लूप' म्हणजे काय, हे व्याख्येसकट पाठ असते. पण 'दिलेल्या दहा संख्यांतली सर्वांत मोठी संख्या शोधणारा प्रोग्रॅम लिहा' म्हटले, की हात थबकतो. गंमत अशी, की रांगेत उभ्या असलेल्या दहा जणांतला सर्वांत उंच कोण, हे तीच मुलगी एका नजरेत सांगेल. पण ते आपण कसे ओळखले, आधी काय केले आणि मग काय केले, हे तिला पायरीपायरीने मांडता येत नाही.

मग एका रात्री घरी फोन जातो. ''आई, मला नाही जमत गं. चुकीच्या ठिकाणी आले मी.'' वडिलांनी फीसाठी कर्ज काढलेले असते. आईला काय बोलावे सुचत नाही. आणि नातेवाइकांत कोणीतरी हमखास सांगून मोकळे होते, ''मुलींना हे जडच जातं. त्याला मुळात तसं डोकं लागतं.''

हे 'तसं डोकं' म्हणजे नेमके काय? ते जन्मतःच मिळते, की घडवता येते? आज या प्रश्नांची बरीच स्पष्ट उत्तरे हाती आहेत आणि ती धीर देणारी आहेत.

दोन कौशल्ये, दोन्ही न शिकवलेली

या अडखळण्यामागे दोन वेगवेगळी कौशल्ये आहेत. पहिले म्हणजे दृश्य तर्क. एखादी वस्तू मनात उभी करणे, ती फिरवणे, कापणे, उलगडणे आणि त्यावरून अनुमान काढणे. शिंपी सपाट कापडावर खडूने रेघा मारतो, तेव्हा त्याला अंगावर बसलेला सदरा दिसत असतो. उरलेली आमटी कोणत्या पातेल्यात मावेल, हे गृहिणी न मोजता ओळखते. हा दृश्य तर्कच आहे.

दुसरे कौशल्य संगणकीय विचाराचे. नावात संगणक असला, तरी त्याला संगणक लागतोच असे नाही. मोठ्या कामाचे लहान तुकडे पाडणे, त्यांतले सारखेपण ओळखणे, अनावश्यक तपशील बाजूला ठेवणे आणि शेवटी कोणालाही चुकता येणार नाही अशा पायऱ्या लिहून काढणे, हे त्याचे चार भाग. गणितज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ सिमूर पेपर्ट यांनी १९८०च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात हा शब्दप्रयोग केला. २००६ साली जेनेट विंग या संगणकशास्त्राच्या प्राध्यापिकेने एका छोट्या लेखात तो सर्वांपुढे आणला. लिहिणे, वाचणे आणि हिशेब करणे यांप्रमाणेच ही विचारपद्धतीही प्रत्येकाला यायला हवी, असे त्यांचे म्हणणे होते.

स्वयंपाकघरातले उदाहरण घ्या. आई सुनेला सांगते, ''चवीपुरतं मीठ घाल आणि शिजत आलं की उतरव.'' सुनेला ते बरोबर कळते. संगणकाला कळत नाही. 'चवीपुरतं' म्हणजे किती ग्रॅम आणि 'शिजत आलं' हे कशावरून ओळखायचे, हे त्याला सांगावे लागते. आपल्याला जे आपोआप येते, ते इतके सुटे करून सांगणे हीच पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची खरी अडचण असते.

किंवा शब्दकोश घ्या. हजार पानांच्या कोशातले एक पान शोधायचे आहे. पहिल्या पानापासून एकेक उलटत गेलो, तर नशीब वाईट असेल त्या दिवशी हजार पाने उलटावी लागतील. पण कोश मधोमध उघडला, आपला शब्द अलीकडे आहे की पलीकडे ते पाहिले, नको असलेला अर्धा भाग सोडून दिला आणि उरलेल्या भागाचे पुन्हा तसेच केले, तर फार तर दहा वेळा उघडून हवे ते पान सापडते. कोश पाहणारा प्रत्येक माणूस थोडेफार असेच करतो. तो काय करतो, हे शब्दांत पकडता आले, की प्रोग्रॅम लिहून झालाच.

मनातला ठोकळा फिरतो कसा?

मनात वस्तू फिरते, ही केवळ बोलण्याची पद्धत नाही. १९७१ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. घनाकृती ठोकळे जोडून केलेल्या आकृत्यांची दोन चित्रे लोकांना दाखवली आणि विचारले, ही एकच आकृती वेगळ्या बाजूने दिसते आहे, की या दोन निराळ्या आकृत्या आहेत? दोन चित्रांमधला कोन जसजसा वाढत गेला, तसतसा उत्तराला लागणारा वेळही त्याच प्रमाणात वाढत गेला. हातातली वस्तू जास्त फिरवायला जास्त वेळ लागतो, अगदी तसाच. म्हणजे माणसे ती आकृती मनात खरोखरच फिरवून पाहत होती.

हे फिरवणे सर्वांना सारख्या वेगाने जमत नाही. अशा चाचण्यांत मुलांची सरासरी मुलींपेक्षा सहसा जास्त येते, हेही अनेकदा दिसले आहे. एवढ्यावरून 'मुलींना ते जमत नाही' असा निष्कर्ष काढून बरेच जण थांबले. एका प्राध्यापिकेने मात्र वेगळा प्रश्न विचारला. जमत नसेल, तर शिकवून पाहायला काय हरकत आहे?

तीस प्रश्न आणि एक जादा वर्ग

शेरिल सॉर्बी अमेरिकेतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत अभियांत्रिकी शिकायला आल्या. शाळेत त्या हुशार होत्या. अडल्या त्या पहिल्या वर्षाच्या ग्राफिक्सच्या विषयाला. तोवर अभ्यासात असे कधी झाले नव्हते. पुढे तोच विषय शिकवण्याची वेळ त्यांच्यावर आली आणि आपल्यासारखेच अडखळणारे विद्यार्थी, त्यांतही विशेषतः मुली, त्यांना वर्गात दिसू लागल्या.

१९९३मध्ये सॉर्बी आणि त्यांच्या सहकारी बेव्हर्ली बार्टमन्स यांनी एक उपक्रम सुरू केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आकृती मनात फिरवण्याची तीस प्रश्नांची चाचणी द्यायची आणि साठ टक्के किंवा त्याहून कमी गुण मिळालेल्यांसाठी एक वेगळा छोटा अभ्यासक्रम ठेवायचा. या चाचणीत मुली नापास होण्याचे प्रमाण मुलांच्या सुमारे तिप्पट होते.

अभ्यासक्रमात गूढ असे काहीच नव्हते. एकमेकांत अडकणारे प्लॅस्टिकचे ठोकळे हातात घेऊन आकार रचायचे. ते चारी बाजूंनी पाहून कागदावर हाताने काढायचे. सपाट पुठ्ठ्याची घडी घातली तर कोणती पेटी होईल, ते ओळखायचे. घन वस्तू तिरकी कापली तर कापलेला भाग कसा दिसेल, ते सांगायचे. भर होता तो हाताने रेखाटण्यावर, महागड्या यंत्रांवर नव्हे.

पुढची अनेक वर्षे त्याचे निकाल तपासले गेले. हा वर्ग केलेल्या विद्यार्थ्यांचे चाचणीतले गुण वाढले, पुढच्या ग्राफिक्सच्या विषयात त्यांची कामगिरी सुधारली आणि मुख्य म्हणजे यातल्या मुली अभियांत्रिकी सोडून न जाता टिकून राहण्याचे प्रमाण वाढले. ज्यांना 'तसं डोकं' नाही असे वाटत होते, त्यांना काही आठवड्यांच्या सरावाने ते आले होते.

हा एकाच महाविद्यालयातला योगायोग म्हणावा, तर तसेही नाही. २०१३मध्ये डेव्हिड अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सरावावर झालेल्या २१७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. दृश्य तर्क सरावाने सुधारतो, ती सुधारणा टिकते आणि ज्याचा सराव केला नव्हता अशा त्याच जातीच्या प्रश्नांतही ती उपयोगी पडते, असा त्याचा निष्कर्ष निघाला. स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांना तर असेही दिसले, की दृश्य तर्क चांगला असणे आणि संगणकशास्त्रात चांगले गुण मिळणे यांचा एकमेकांशी संबंध आहे. प्रोग्रॅम वाचतानाही मनात काहीतरी उभे करावे लागते. कोणती किंमत कुठे ठेवली, ती कुठे गेली, कोणती पायरी कोणत्या पायरीच्या पोटात आहे, याचा नकाशाच तो.

अंगणातले व्याकरण

ही कौशल्ये परदेशातून आणावी लागतात असे कोणाला वाटेल, तर त्याने एकदा तांबरमला जाऊन आलेले बरे. चेन्नईजवळच्या या गावात मद्रास ख्रिश्चन कॉलेज आहे. तिथले प्राध्यापक गिफ्ट सिरोमनी तमिळ घरांच्या दारात रोज पहाटे काढल्या जाणाऱ्या कोलमकडे वेगळ्या नजरेने पाहत होते. आधी ठिपके मांडायचे, मग त्यांच्याभोवतीने रेघ वळवत न्यायची. लहान कोलमवरून मोठे आणि मोठ्यावरून आणखी मोठे काढायचे. बायका हे पुस्तकात पाहून करत नव्हत्या. काही मोजके नियम त्यांच्या बोटांत बसलेले होते.

१९७४ साली गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी या नियमांचे गणिती व्याकरण मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. थोड्या शब्दांपासून आणि व्याकरणाच्या नियमांपासून जशी असंख्य वाक्ये तयार होतात, तशीच थोड्या खुणा आणि थोडे नियम यांपासून कोलमची अख्खी कुळे तयार करता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. चित्र ओळखणाऱ्या आणि काढणाऱ्या संगणकाच्या अभ्यासात हा निबंध आजही उल्लेखला जातो.

महाराष्ट्रातल्या ठिपक्यांच्या रांगोळीलाही हेच लागू पडते. 'पंधरा ते आठ' एवढे तीन शब्द ऐकले, की सराईत बाई कामाला लागते. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, मग दोन्ही बाजूंना चौदा, तेरा असे एकेक कमी करत शेवटच्या ओळीत आठ. प्रत्येक ठिपका अलीकडच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. तीन शब्दांत अख्खी षट्कोनी जाळी सांगून झाली! संगणकाच्या भाषेत यालाच आज्ञावली म्हणतात.

या रांगोळीत एकूण ठिपके किती? एकेक मोजायची गरज नाही. आठ ते चौदा या संख्यांच्या जोड्या लावा. आठ आणि चौदा बावीस, नऊ आणि तेरा बावीस, दहा आणि बारा बावीस आणि मधले अकरा एकटे. झाले ७७. दोन बाजू म्हणजे १५४, त्यात मधल्या ओळीचे पंधरा मिळवले की १६९. तुकडे पाडले, सारखेपण शोधले, नियम लावला. संगणकीय विचार तो हाच.

दिवाळीत ही रांगोळी डोळे मिटून घालणारी मुलगी ऑगस्टात ड्रॉइंग हॉलमध्ये रडते, कारण या दोन गोष्टी एकाच जातीच्या आहेत हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. अर्थात रांगोळी येते म्हणून अभियांत्रिकी आपोआप येईल, असे नाही. रांगोळी सपाट असते, ठोकळा सपाट नसतो. पण नियम धरून आकार उभा करण्याची तिला सवय आहे. फक्त ती आणखी एका दिशेने न्यायची आहे.

सात पुलांचा धडा

दृश्य तर्क आणि संगणकीय विचार एकत्र आले म्हणजे काय घडते, याचे जुने आणि सुंदर उदाहरण कोनिग्सबर्गचे आहे. आज रशियात असलेल्या आणि कालिनिनग्राद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहरात नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का, हा तिथला लोकप्रिय कूटप्रश्न होता. थोर गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी १७३६ साली त्याचा निकाल लावला.

त्यांच्या युक्तिवादाचे सार असे. शहर, घरे, नदीची रुंदी यांपैकी कशाचाच प्रश्नाशी संबंध नाही. जमिनीचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक ठिपका आणि प्रत्येक पूल म्हणजे एक रेघ समजा. फिरताना एखाद्या ठिपक्यावर एका रेघेने यायचे आणि दुसऱ्या रेघेने जायचे. म्हणून सुरुवातीचा आणि शेवटचा सोडून प्रत्येक ठिपक्याला सम संख्येने रेघा हव्यात. कोनिग्सबर्गच्या चारही ठिपक्यांना विषम रेघा होत्या. तेव्हा अशी फेरी अशक्य!

घरोघरी मुले 'पेन्सिल न उचलता घर काढून दाखव' हा खेळ खेळतात, त्याचे गुपितही हेच. चौकोन, त्यात दोन कर्ण आणि वर त्रिकोणी छप्पर. या आकृतीत फक्त खालच्या दोन कोपऱ्यांना विषम रेघा आहेत, म्हणून सुरुवात त्यांतल्याच एकापासून करावी लागते. छप्पर काढून टाकले, की चारही कोपरे विषम होतात आणि मग कितीही डोके खाजवले तरी ते जमत नाही. हे कारण सापडल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो पाठांतराने कधी मिळत नाही.

मग शाळेत काय होते?

आठवी-नववीपर्यंत चित्रकलेची वही असते. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले उत्साहाने बसतात. पुढे दहावी आली, क्लास लागले, की रंगपेटी माळ्यावर जाते. दोन-तीन वर्षे चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव होतो. मग एक दिवस तीच मुले कोऱ्या कागदापुढे बसतात आणि तिथे पर्यायच दिलेले नसतात.

परिस्थिती हळूहळू बदलते आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय वयात गणिताबरोबर संगणकीय विचारावर भर द्यावा, असे म्हटले आहे. त्याआधी २०१६मध्ये एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने 'सीएसपाठशाला' हा उपक्रम सुरू केला. संगणक नसलेल्या शाळेतही कोडी, खेळ आणि कागद-पेन्सिल यांच्या मदतीने हा विचार शिकवता येतो, ही त्यामागची भूमिका. लिथुआनियात २००४मध्ये सुरू झालेली आणि बीव्हर या कष्टाळू प्राण्याचे नाव घेतलेली 'बेब्रास' स्पर्धा आज भारतातही होते. तिच्यातले प्रश्न सोडवायला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही.

घरी काय करता येईल?

ज्यांची मुले आज पहिल्या वर्षाला आहेत, त्यांना धोरणांची वाट पाहायला वेळ नाही. त्यांच्यासाठी काही साधे उपाय:

● कपड्याच्या साबणाची वडी किंवा मोठा बटाटा घ्या. पुस्तकातल्या ठोकळ्याप्रमाणे त्याला खाच पाडा, उतार कापा. हातात फिरवून समोरून, वरून, बाजूने पाहा आणि मगच कागदावर काढा. काही दिवसांनी साबण न कापता काढून पाहा.

● काकडी सरळ कापली तर गोल चकती, तिरकी कापली तर लंबगोल. कापण्याआधी आकार काढायचा आणि मग कापून पडताळायचा. हेच गाजर, पेरू, उकडलेले अंडे यांच्याबाबतही करता येईल.

● मिठाईचा रिकामा खोका टाकून देऊ नका. तो उलगडला तर कसा दिसेल, ते आधी कागदावर काढा आणि मग उलगडा.

● धाकट्या भावंडाला 'कासव' करा. 'चार पावले पुढे, उजवीकडे वळ' एवढ्याच आज्ञा देऊन त्याला फरशीवर चौकोन, मग त्रिकोण चालवून दाखवा. १९६७ साली पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी तयार केलेल्या 'लोगो' या संगणकभाषेतले कासव पुढे असेच चालू लागले.

● प्रोग्रॅम अडला, की संगणकापासून उठा. कागदावर रकाने आखा आणि प्रत्येक पायरीनंतर कोणाची किंमत काय झाली, ते हाताने लिहा. शिक्षक याला 'ड्राय रन' म्हणतात. कंटाळवाणे वाटते, पण चूक कुठे आहे ती हमखास दिसते.

● आणि जीटी बंद. एक शीट स्वतः चुकत काढलेला बरा. गिरवलेल्या दहा शीटनी डोळा तयार होत नाही.

हे सगळे केले म्हणून प्रत्येक जण उत्तम अभियंता होईल, असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. विषयाचा अभ्यास करावाच लागतो. आणि काहींची आवड खरोखरच वेगळ्या शाखेत असते. त्यांनी ती वाट जरूर धरावी. पण आवड नाही म्हणून सोडणे वेगळे आणि 'माझ्यात ते नाहीच' या गैरसमजापोटी सोडणे वेगळे. पहिला निर्णय आहे, दुसरा पराभव, आणि तोही खेळण्याआधीच पत्करलेला.

म्हणून वसतिगृहातून असा फोन आला, की घाबरून जाऊ नये आणि ''तुला सांगितलंच होतं'' असेही म्हणू नये. शांतपणे विचारावे, ''पहिल्यांदा पंधरा ते आठची रांगोळी घातली होतीस, ती आठवते? किती वेळा पुसली होतीस?''

पलीकडे क्षणभर शांतता पसरेल. मग बहुधा हसू ऐकू येईल. कारण पहिली रांगोळी कोणालाच एका फटक्यात साधलेली नसते. ठिपके चुकतात, ओळ वाकडी जाते, हाताने पुसून पुन्हा मांडावी लागते. ड्रॉइंगचा शीट आणि संगणकाचा प्रोग्रॅम यांचीही रीत तीच.